६० हजारांचा गेमिंग पीसी: प्रोसेसरला किती, कार्डाला किती?

भाच्याला गेमिंग पीसी हवाय. मॉनिटर सोडून बजेट ६० हजार. गेल्या शनिवारी ग्रँट रोडला उतरून आम्ही लॅमिंग्टन रोड, म्हणजे मुंबईचा कॉम्प्युटर बाजार, पालथा घातला आणि तीन कोटेशनं खिशात घालून एका उडप्याकडे चहाला बसलो. बोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि कॅबिनेट सगळीकडे २४ हजारांच्या आसपास बसत होतं. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डासाठी उरले ३६ हजार, आणि वाद झाला तो त्यांच्यावरूनच.

पहिलं कोटेशन: प्रोसेसर आय३-१२१००एफ ७,५०० आणि कार्ड आरटीएक्स ४०६० २८,५००.
दुसरं: आय५-१२४००एफ ११,००० आणि आरएक्स ७६०० २५,०००.
तिसरं: आय५-१४४००एफ १६,००० आणि आरएक्स ६६०० २०,०००.

भाव त्या दिवसाचे. रॅम आणि कार्डांचे दर तिथे कांद्यासारखे वरखाली होतात, त्यामुळे रुपये लक्षात ठेवू नका, प्रमाण ठेवा. पहिल्यात कार्डावर प्रोसेसरच्या जवळपास चौपट खर्च आहे, दुसऱ्यात सव्वादोन पट, तिसऱ्यात जेमतेम सव्वापट.

भाच्याचा जीव तिसऱ्यावर. "मामा, आय३ घेतला तर ग्रुपमध्ये हसतील मला." दुकानदाराचाही कल तिकडेच होता. १० कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग), १६ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) म्हटलं की गिऱ्हाईक पुढे काही विचारत नाही.

मी त्याला बिलाच्या पाठीवर हिशोब करून दाखवला. पडद्यावरची प्रत्येक फ्रेम दोन हातांखालून जाते. शत्रू कुठे आहे, गोळी कुणाला लागली, काय काय काढायचं याची यादी प्रोसेसर करतो. ती यादी घेऊन चित्र रंगवतं ते कार्ड. दोघं एकाच वेळी आपापल्या फ्रेमवर काम करत असतात, म्हणून वेग ठरतो जो हळू आहे त्याच्यावर. समजा प्रोसेसरला एका फ्रेमसाठी ७ मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला १४. मिळणार सेकंदाला ७१ फ्रेम. आता पाच हजार जास्त मोजून ५ मिलिसेकंदवाला प्रोसेसर बसवला, तरी ७१च. तेच पैसे कार्डावर घालून १४चे १० केले, तर १००.

उलटही होतं. प्रोसेसरला १२ लागत असतील आणि कार्डाला ८, तर ८३वर गाडी अडते आणि कितीही भारी कार्ड लावलं तरी हलत नाही. म्हणून 'कार्डावर जास्त खर्च करा' हा सल्ला अर्धाच खरा. आधी कुठला गेम आणि कुठला मॉनिटर, ते सांगा.

भाच्याचे गेम असे. रोज रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट. सुट्टीत रेड डेड रिडेम्प्शन २ आणि सायबरपंक २०७७. मॉनिटर १०८०पी (उभे १,०८० पिक्सेल), १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ फ्रेम) घ्यायचा म्हणतोय, म्हणजे एका फ्रेमला जेमतेम ७ मिलिसेकंद. व्हॅलोरंट इतका हलका आहे की तिन्ही कोटेशनांत १४४च्या वर आरामात जाईल. उरलेले दोन मात्र कार्डाचा घाम काढणारे. त्यांच्यापुरतं पाहिलं तर तिसरं कोटेशन तिथेच बाद होतं.

का, ते जरा उलगडून सांगतो, कारण १४४००एफच्या नावावर लोक फार भाळतात. त्याच्या १० कोअरपैकी मोठे ६ आणि छोटे ४. १२४००एफमध्ये मोठे ६च आहेत, छोटे नाहीत. कमाल वेग ४.७ विरुद्ध ४.४ गिगाहर्ट्झ, कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) २० विरुद्ध १८ एमबी. गेमचं मुख्य काम मोठ्या कोअरवर चालतं, छोटे चौघं बहुतेक वेळ मंडपात खुर्च्या मांडायला आलेल्या पोरांसारखे उभे असतात. व्हिडिओ एडिटिंग किंवा कोडिंगचं काम असेल तर ते कामाला लागतील. निव्वळ गेमसाठी मात्र त्या पाच हजारांत तुम्ही आरएक्स ७६०० सोडून आरएक्स ६६०० घेताय. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये आलेलं ६६०० आजही कामाचं आहे, पण मोठ्या गेममध्ये ७६०० त्याच्या स्पष्टपणे पुढे आहे.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. २०१९मध्ये मी रायझन ७ २७००, आठ कोअरचा, छाती फुगवून घेतला आणि पैसे संपले म्हणून जीटीएक्स १६५०वर भागवलं. रेड डेड लावला तर कार्ड ९९ टक्क्यांवर धापा टाकतंय आणि प्रोसेसर २० टक्क्यांवर पेपर वाचत बसलाय. दोन वर्षं घोड्यावरून धुरकट गवत बघत फिरलो.

आता पहिलं विरुद्ध दुसरं. इथे खरी ओढाताण आहे.

१२१००एफ स्वस्त असला तरी लेचापेचा नाही. ४ कोअर, ८ थ्रेड, पण एकेका कोअरचा वेग १२४००एफच्या अगदी जवळ. नुसता गेम चालू असेल तर सरासरी फ्रेममध्ये फरक फारसा दिसत नाही. फरक दिसतो तो तळाच्या आकड्यात, म्हणजे फ्रेम सगळ्यात कमी पडतात त्या क्षणी. सायबरपंकच्या गर्दीच्या बाजारातून गाडी भरधाव काढा, मागे डिस्कॉर्ड चालू, क्रोमचे बारा टॅब उघडे, त्यात विंडोजला अपडेट आठवलं. मग चार कोअर गुदमरतात आणि चित्र अडखळतं. सरासरी ९० आणि मध्येच एक हिसका, यापेक्षा सपाट ७५ डोळ्यांना कितीतरी बरे. दादरचा पूल रिकामा असताना एक जिना पुरतो. संध्याकाळी सातला जाऊन बघा.

शिवाय पहिल्या कोटेशनात जास्तीचे साडेतीन हजार कार्डावर जातात, पण पदरात काय पडतं? साध्या खेळात, म्हणजे रे ट्रेसिंग (प्रकाश-सावलीचा खरा हिशोब) बंद ठेवून १०८०पीवर, ४०६० आणि ७६०० जवळपास खांद्याला खांदा. मेमरी दोघांना ८ जीबीच, आणि नव्या गेममध्ये टेक्स्चर (पृष्ठभागांवरचं बारीक चित्र) सगळ्यात वर ठेवलं की ती दोघांनाही अपुरी पडते. ४०६०चं पारडं जड होतं ते डीएलएसएसमुळे, रे ट्रेसिंगमुळे आणि विजेमुळे. विजेचं फार मनावर घेऊ नका: ११५ वॉट विरुद्ध १६५, रोज चार तास खेळलात तर महिन्याला ६ युनिटचा फरक. डीएलएसएस मात्र खरोखर चांगलं आहे, कमी रिझोल्यूशनवर रंगवून चित्र जवळजवळ मूळ दिसेलसं वाढवतं. फक्त त्याच्या फ्रेम जनरेशनवर भाळून आय३ घेऊ नका. मधल्या फ्रेम कार्ड स्वतः बनवतं, आकडा फुगतो, पण माऊस हलवल्यावरचा प्रतिसाद मूळ फ्रेमच्या वेगानेच येतो.

म्हणून मी दुसऱ्या कोटेशनवर बोट ठेवलं. सहा खरे कोअर घ्या, तिथे थांबा, उरलेला पैसा कार्डाकडे वळवा. इंटेलऐवजी एएमडीचा प्रोसेसर घ्यायचा असेल तर तोच मान रायझन ५ ५६००चा. त्याचा धाकटा ५५०० थोडा स्वस्त मिळतो, पण कॅशे ३२ ऐवजी १६ एमबी आणि पीसीआयई, म्हणजे प्रोसेसर आणि कार्डामधला रस्ता, ३.०च. वरची तिन्ही कार्डं ८ लेनची आहेत, जुन्या ३.०वर त्यांचा रस्ता अर्धा होतो.

पण समजा तुम्ही भाच्यासारखे नाही. रोज काउंटर-स्ट्राइक २ खेळता, सेटिंग सगळी खाली, आणि मॉनिटर २४० हर्ट्झचा. मग माझा सल्ला उलटा करा. अशा खेळात कार्ड रिकामं बसतं आणि प्रोसेसर घामाघूम होतो. तिथे ६६०० पुरे, पैसे प्रोसेसरवर घाला. जमलं तर मोठ्या कॅशेचा एएमडीचा एक्स३डी प्रोसेसर शोधा. १४४०पीवर मोठे गेम खेळणाऱ्यांनी कार्डाकडे आणखी झुकावं, कारण पिक्सेल पावणेदोन पट होतात आणि तो सगळा बोजा कार्डावर पडतो. आणि १२ जीबी मेमरी बघून इंटेलचं आर्क बी५८० खुणावत असेल, तर त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) प्रोसेसरला जास्त राबवतो. दुबळ्या प्रोसेसरबरोबर ते कार्ड पुष्कळ मागे पडतं, तेव्हा आय३ घेऊन पैसे वाचवून बी५८० घेणं हा आतबट्ट्याचा व्यवहार.

घरी जुना पीसी असेल तर काही विकत घेण्याआधी एक प्रयोग करा. गेममधलं रिझोल्यूशन १०८०पीवरून ७२०पीवर आणा. फ्रेम भराभर वाढल्या तर कार्ड कमी पडतंय. आकडा जागचा हलला नाही तर प्रोसेसर. टास्क मॅनेजरमधल्या प्रोसेसरच्या एकूण टक्क्यांवर विसंबू नका. एक कोअर गळ्यापर्यंत बुडालेला असतो आणि बाकीचे मोकळे, सरासरी ४० टक्के दाखवते.

दोन गोष्टी दुकानदाराला आधीच बजावा. १६ जीबी रॅम म्हणजे ८च्या दोन पट्ट्या; एक पट्टी लावून दिली तर प्रोसेसरचा रस्ता अर्धा होतो आणि १२४००एफवर घातलेले पैसे तिथेच सांडतात. आणि कच्च्या बिलावर चारपाचशे वाचवून देतो म्हणाला तर नको म्हणा. वॉरंटीला नेताना पक्कं बिलच लागतं. एक आणखी: नावातला 'एफ' म्हणजे आत ग्राफिक्स नाही. कार्ड दुरुस्तीला गेलं तर मॉनिटर काळा.

भाच्याने शेवटी दुसरं कोटेशन घेतलं, तोंड थोडं वाकडं करूनच. डोंबिवलीला न्यायचं होतं, म्हणजे ग्रँट रोडहून स्लो, दादरला उतरून सेंट्रल. जोडणी दुकानातच करून सगळं चालवून पाहिलं, मग कार्ड काढून परत त्याच्या खोक्यात घातलं, नाहीतर हिसक्यांनी स्लॉटवर ताण येतो. कॅबिनेट मी मालडब्यात उभं धरलं. खोकं भाच्याने दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं, आणि कळव्यापर्यंत एकाही मित्राचा फोन उचलला नाही.