क्लिनिकचं सॉफ्टवेअर : पावसाळाभर वापरल्यानंतर

नागपुरात मनीष नगरला माझी ओपीडी आणि छोटं नर्सिंग होम आहे. पावसाळ्याआधी पेशंटच्या नोंदी ठेवणारं हे सॉफ्टवेअर घेतलं ते ‘लिखापढी निम्मी होईल’ या आश्वासनावर. नाव लिहीत नाही. ओळखीच्या डॉक्टरांकडची बाकीचीही साधारण अशीच निघाली.

जुना पेशंट आला, मोबाइल नंबर टाकला की आधीची शुगर, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), औषधं समोर. याला पैकीच्या पैकी मार्क. केसपेपर मागितले की ७२ तासांत द्यावे लागतात. पूर्वी त्यासाठी गठ्ठे उपसावे लागायचे, आता काउंटरवरचा मुलगा प्रिंट काढून देतो. डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेटचा आलेखही कामी आला.

लिखापढी मात्र निम्मी झाली नाही. टीबीचाच पेशंट घ्या. २०१२ पासून प्रत्येक केस सरकारला कळवणं बंधनकारक आहे आणि ते असायलाच हवं. पण नाव, वय, पत्ता, थुंकीचा रिपोर्ट इथे भरायचा आणि तेच सगळं ‘निक्षय’ या सरकारच्या टीबी पोर्टलवर पुन्हा; शिवाय पोषण योजनेसाठी बँक खातं. आभाचा, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा, १४ अंकी नंबर घातला तरी माझ्या सॉफ्टवेअरमधून तिकडे एक अक्षर आपोआप जात नाही. त्या नंबरचा ओटीपी जातो पेशंटच्या मुलाच्या मोबाइलवर, मुलगा पुण्यात! तोवर बाहेरचे पेशंट ताटकळतात.

जैववैद्यकीय कचऱ्याची नोंद, ३० जूनपर्यंतचा वार्षिक अहवाल यांचं ‘मॉड्यूल’ आहे, पण पैसे वेगळे. घेतलं नाही. सिस्टर पिवळ्या-लाल पिशव्यांचं वजन वहीत लिहितात, ते लवकर होतं.

एक आजी सरळ म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही त्या टीव्हीतच पाहून राहिल्या, माह्याकडे पाहा ना.” तेव्हापासून मी हातानंच लिहिते आणि एक मुलगी ते नंतर टाइप करते. तिचा पगार सॉफ्टवेअरच्या जाहिरातीतल्या हिशोबात कुठेच नसतो.

अर्थात सगळा दोष कंपनीचा नाही. महापालिका, प्रदूषण नियंत्रण मंडळ, टीबी विभाग, प्रत्येकाला तीच माहिती आपापल्या नमुन्यात हवी. त्यात सॉफ्टवेअरवाला तरी काय करणार?

नुसती ओपीडी असेल तर घ्या. बेड असतील तर डेमोला आलेल्या माणसाला एक टीबीची केस शेवटपर्यंत भरून दाखवायला सांगा, आणि सॉफ्टवेअर सोडताना सगळा डेटा एक्सेलमध्ये मिळेल हे लेखी घ्या. मी एकाच वर्षाचं नूतनीकरण करतेय.