दापोलीकडचा होमस्टे: जेवण एक नंबर, माणसं मात्र शोधावी लागतात

पाचपैकी साडेतीन. ज्यांना सगळं वाचायचा कंटाळा त्यांच्यासाठी आधीच सांगते, जेवण एक नंबर, खोली ठीकठाक, सर्व्हिस स्लो म्हणजे फारच स्लो, नेटवर्क नाही असंच धरून चला. तीन रात्री, आम्ही दोघं आणि नऊ वर्षांचे चिरंजीव, नाश्ता-जेवण धरून साडेदहा हजार झाले. होमस्टेचं नाव मी देणार नाहीये, आणि हे काही भाव खाणं नाही, काकूंनीच निघताना सांगितलं की नाव नको टाकू गं, लोकांचे फोन येतात आणि आम्ही दोनच माणसं, नाही म्हणायला जिवावर येतं. आता रिव्ह्यू लिहायचा आणि नाव द्यायचं नाही म्हणजे काय उपयोग असं वाटेल, पण वाचा, मुद्दा नावाचा नाहीये.

गेलो का, तर मला माणसं नको झाली होती. खरंच. डोंबिवलीला लेडीज डब्यात चढलं की बसलेल्या बाईला पहिला प्रश्न "कुठे?" आणि ती घाटकोपर म्हणाली की ती सीट आपली, मग पुढचा अर्धा-पाऊण तास तिचा गुडघा आणि आपली पर्स यांचा संसार. २०२२ च्या नोव्हेंबरात जगाची लोकसंख्या ८ अब्ज झाली म्हणे, त्यातले बरेचसे सकाळी आठ ते नऊ माझ्याच डब्यात असतात अशी माझी पक्की खात्री आहे. त्यात ऑफिसच्या ग्रुपवर आमच्या एका सरांचा दर पंधरा दिवसांनी फॉरवर्ड, पृथ्वीला माणसांचं ओझं झालंय, कडक कायदा आणा, वगैरे. सर स्वतः पाच भावंडांतले पाचवे. आणि घरी सासूबाईंचं उलट टुमणं, एकाला एक हवंच, दुसऱ्याचं बघा आता. म्हणजे मी एकाच दिवसात जगावर ओझंही असते आणि वंशाला कमीही पडते. तर जानेवारीत सरळ चार दिवस रजा टाकली आणि माणगाव, आंबेत, मंडणगड करत दापोलीच्या पुढे एका वाडीत जाऊन पोचलो.

घर बघून मन भरलं हे कबूल करते. जांभ्या चिऱ्याचं, कौलारू, पुढे सारवलेलं अंगण, मागे विहीर आणि माडांची बाग. गाडी लावायला गेलो तर काका काठी टेकत धावतच आले, "अहो तिथे नको, माडाखाली नको! पाडायला माणूस मिळत नाही, नारळ आपापले पडतात!" नवरा हसला, त्याला वाटलं गंमत करतायत. रात्री दीडच्या सुमाराला धप्प असा आवाज आला आणि पाठोपाठ आणखी एक, तेव्हा आम्ही दोघंही उठून खिडकीतून गाडी बघत बसलो. झाडावर चढणारा माणूस आसपासच्या तीन-चार वाड्यांत मिळून एकच राहिलाय आणि तोही आता पन्नाशीचा.

आता सर्व्हिस. पहिल्या दिवशी साडेसातचा चहा पावणेनऊला आला. गिझर बंद. वायरमनला फोन केलाय पण तो एका कामासाठी इतक्या लांब येत नाही, ह्या बाजूची तीन-चार कामं साठली की येतो, आमच्यासकट तेव्हा दोन साठली होती. मग मागीलदारी बंब पेटवून पाणी, ते छानच असतं पण तीन जणांच्या आंघोळी होईपर्यंत साडेदहा वाजतात. चादरी एकदाही बदलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी जरा वैतागूनच बोलायला गेले तर स्वयंपाकघरात काकू एकट्या, एका चुलीवर भाकरी, शेगडीवर आमटी, विळीवर अर्धा नारळ खोवून ठेवलेला आणि बाहेर गाय हंबरतेय. हाताखालची बाई मुलीच्या बाळंतपणाला नालासोपाऱ्याला गेलीय, दुसरी कोणी मिळत नाही, पैसे द्यायची तयारी आहे पण यायला कोणी असायला तर हवं. वय वर्षं अडुसष्ट. मी काय बोलणार, खोवणी पुढे ओढली आणि बसले. पैसे भरून गेलेल्या गेस्टने नारळ खोवला, हे रेटिंगमध्ये कसं धरायचं ते मला अजून कळलेलं नाही.

जेवणाबद्दल मात्र एक शब्द वावगा बोलणार नाही. पावट्याची उसळ, कुळथाचं पिठलं, तांदळाची मऊसूत भाकरी, आणि सोलकढी अशी की नवऱ्याने चौथी वाटी मागताना मान खाली घातली. आमसुलं घरचीच, नारळ अर्थातच पडलेले. सकाळी घावणे आणि नारळाचं गूळ घातलेलं दूध. मासे ते करत नाहीत, हवे असतील तर हर्णैला संध्याकाळी लिलाव बघायला जा आणि तिथेच कुठेतरी खाऊन या.

नेटवर्क एकाच ठिकाणी, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पायरीवर. त्यामुळे रोज दुपारी आमची वरात तिकडे. शाळेचा पट सहा. सहा! चिरंजीव डोंबिवलीत ज्या वर्गात बसतात तिथे चौपन्न आहेत. सहापैकी दोघं नेपाळी, आंब्याच्या बागेवर रखवालीला आलेल्या जोडप्याची मुलं, फाडफाड मराठी बोलतात. रत्नागिरीच्या बागांमध्ये आता नेपाळी गडी हे नेहमीचंच झालंय, म्हणजे हापूस आपला, बाग आपली, राखायला माणूस मात्र हिमालयातून. आमच्या पोराला बघून गुरुजींचे डोळे असे चमकले ना! "नाव घालू का पटावर? सात होतील." गंमत होती, पण अर्धीच. पट फार कमी झाला की शाळा बंद करून दुसरीकडे जोडायच्या गोष्टी निघतात, त्याची टांगती तलवार असतेच. सुट्टीत क्रिकेट झालं, एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला तीन आणि आमचे चिरंजीव दोन्हीकडून बॅटिंग. आयुष्यात पहिल्यांदा त्याची बॅटिंग आली, बिल्डिंगखाली तो कायम बाउंड्रीला असतो.

तिथेच पायरीवर बसून नवऱ्याने मोबाइलवर आकडे काढले, त्याला ती खोडच आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. वाढली नाही, घटली. सिंधुदुर्गाचंही तेच. आणि त्याच दहा वर्षांत आमचा ठाणे जिल्हा, तेव्हा पालघर त्यातच होता, ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर. पुढची जनगणना २०२१ ला व्हायची ती तेव्हा झालीच नाही, त्यामुळे नंतरचा हिशोब ज्याने त्याने डोळ्यांनीच करायचा. मी केला. वाडीत बावीस घरं, त्यातल्या तेरांना कुलूप. काकूंचा मुलगा घोडबंदरला राहतो, म्हणजे आमच्यापासून फार तर तासावर. मी ज्या गर्दीला वैतागून पळाले ती गर्दी म्हणजे ह्याच तेरा घरांतली माणसं की, अजून कोण!

आणखी एक आकडा. एका बाईला सरासरी किती मुलं, हे भारतात २०१९-२१ च्या पाहणीत २.० वर आलंय, महाराष्ट्रात तर १.७. लोकसंख्या आहे तिथे टिकायला २.१ लागतं. म्हणजे सासूबाई हरल्या आणि ग्रुपवरचे सरही हरले. लोकसंख्येचा आकडा अजून वाढतोय तो आधीच जन्मलेली तरुण पोरं खूप आहेत म्हणून. संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा अंदाज असा की २०८० च्या दशकाच्या मध्यात जग १०.३ अब्जांपर्यंत जाईल आणि मग उतरायला लागेल. मला तेव्हा शंभरी उलटून गेलेली असेल, त्यामुळे लोकलमध्ये त्याचा फायदा नाही.

ह्याच तालुक्यात मुरूड, महर्षी कर्व्यांचं गाव. त्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे, जन्मही मुरूडचाच, १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढून बसले होते, कोणी तोंडातून शब्दही काढत नव्हतं तेव्हा. कॉलेजातली नोकरी गेली, समाजस्वास्थ्य मासिकापायी खटले झाले, एका खटल्यात तर डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. त्यांचा जोर कशावर होता, तर बाईच्या तब्येतीवर आणि तिच्या मर्जीवर. पृथ्वीचं ओझं हे प्रकरण आपल्याकडे जोरात आलं ते नंतर. १९६८ मध्ये पॉल एर्लिक नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने लोकसंख्येच्या बॉम्बवर पुस्तक काढलं आणि सुरुवातच केली दिल्लीतल्या एका रात्रीच्या टॅक्सीपासून, खिडकीबाहेर माणसंच माणसं. भाकीत असं की सत्तरच्या दशकात कोट्यवधी लोक भुकेने मरणार. तसं काही झालं नाही, साडेतीन अब्जांचे आठ अब्ज झाले आणि धान्य त्याहून जास्त वाढलं. पण ती भीती इथे खरी धरली गेली आणि आणीबाणीत माणसं धरून नसबंद्या झाल्या. काका म्हणाले, तेव्हा बाजारात जायचं तरी लोक टरकायचे, पंचविशीतली पोरं दुपारी घराबाहेर पडत नव्हती. मला त्या प्राध्यापकाचं वाईट नाही वाटलं, चोरी पकडल्यासारखं झालं, कारण मीही तेच करते ना, तो टॅक्सीत बसून जग मोजत होता आणि मी ८:१० च्या फास्टमध्ये उभी राहून.

ह्याचा अर्थ सगळं आलबेल असंही नाही. काकांकडे चार बल्ब, दोन पंखे आणि एक फ्रिज. कचरा माडांच्या आळ्यात. आणि आम्ही तिघं, दोन एसी, गाडी, रोज दारात कुरियरची दोन खोकी. एक अमेरिकन माणूस वर्षाला साधारण सात भारतीयांइतका कार्बन हवेत सोडतो, हे वाचून नवरा खूश झाला की बघ आपण बरे, तर मी म्हटलं आपण सरासरीत लपतोय रे, काकांच्या शेजारी बसून हिशोब केला तर आपणच अमेरिका. तो मग गप्प बसला आणि रेंज गेल्याचं निमित्त करून उठला.

वानरांचं राहिलंच. परसात एक मिरचीचं रोप नाही, भोपळा नाही, काही नाही, काकांनी भाजी लावणंच सोडलं. सकाळी सहाला तीसेक वानरांची टोळी कौलांवरून धावते तेव्हा वाटतं घर कोसळलं. रोज दोन-चार कौलं फुटतात. मी म्हटलं वानरं फार वाढली नाही का, तर काका म्हणाले, "वाढली असतील हो, पण पूर्वी हाकलायला घराघरात पाच-सहा पोरं होती." लहान मुलं असतील तर रूमची खिडकी उघडी ठेवू नका, आमचं बिस्किटांचं पाकीट गेलं.

दीड स्टार मी कापलाय तो गिझर, चादरी आणि चहासाठी, आणि तो कापलेलाच राहू दे, कारण पैसे घेतले की सर्व्हिस द्यायला हवी, दया म्हणून स्टार द्यायचे तर काकूंनाही ते आवडणार नाही. ज्यांना बेल वाजवली की माणूस हजर लागतो त्यांनी किनाऱ्यावरचं एखादं रिसॉर्ट बघावं. म्हाताऱ्या आईवडिलांना नेत असाल तर हॉस्पिटल किती लांब आहे त्याचा आधी विचार करा.

बुकिंग फोनवरच, तेही ओळखीतून, आणि शिमग्यात नि गणपतीत खोल्या मिळत नाहीत. मला आधी वाटलं सीझनला भाव वाढवत असतील. मग शेवटच्या दिवशी बॅग काढायला माळ्यावर चढले तर तिथे प्लास्टिकमध्ये नीट बांधून गाद्यांची चळत, मी मोजल्या, सव्वीस. गणपतीत सगळे चाकरमानी येतात, ठाणे, विरार, पुणे, एक भाची तर दुबईहून, आणि पाच दिवस ओटीपासून माजघरापर्यंत पाय ठेवायला जागा नसते, न्हाणीघरापुढे रांग. काकू म्हणाल्या त्या पाच दिवसांत डोकं फिरतं गं, कधी एकदा जातायत असं होतं. विसर्जन झालं की गाद्या उन्हात घालतात आणि परत वर चढवतात. शिडीची दुसरी पायरी मोडलीय, सुताराला सांगितलंय म्हणे, तोही कामं साठली की येणार आहे. पैसे रोख न्या, यूपीआय चालवायचं तर शाळेच्या पायरीपर्यंत चालत जावं लागतं.