थंड इंजिनच्या अडखळत्या स्टार्टसाठी ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर: काही महिने वापरल्यानंतर

जुनी मॅन्युअल पेट्रोल गाडी सकाळच्या पहिल्या स्टार्टला अडखळते, मिसिंग मारते आणि इंजिन तापलं की शहाण्यासारखी चालते. गॅरेजात पोचेपर्यंत लक्षण गायब. या दुखण्यासाठी ईएलएम ३२७ प्रकारचा ब्लूटूथ स्कॅनर (गाडीच्या ओबीडी, म्हणजे निदानाच्या पोर्टला लावायचा आणि फोनवर इंजिनचे आकडे दाखवणारा ॲडॉप्टर) काही महिने वापरला. फक्त दोषांचे कोड वाचायला घेत असाल तर घेऊ नका. थंड स्टार्टचे बरेच दोष चेक इंजिनचा दिवा लावतच नाहीत. या यंत्राची खरी किंमत कळते ती सेल्फ मारण्याआधीच्या अर्ध्या मिनिटात.

गाडी रात्रभर उभी असावी. किल्ली ऑन करायची, इंजिन चालू करायचं नाही, आणि कूलंटचं व आत येणाऱ्या हवेचं तापमान शेजारी शेजारी बघायचं. दोन्ही जवळपास सारखी हवीत. दोन-चार अंशांचा फरक सोडून द्या. कूलंट पंधरा-वीस अंश जास्त दिसत असेल तर ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला) इंजिन कोमट वाटतं, तो पेट्रोल कमी सोडतो आणि ॲक्सिलरेटर हलका दाबून ठेवल्याशिवाय गाडी धरत नाही. उणे ४० दिसलं तर बहुधा कनेक्टर निघालाय किंवा वायर तुटलीय. सेन्सर लगेच बदलू नका. कनेक्टर काढून मल्टिमीटर लावा: बऱ्याच सेन्सरचा रोध २० अंशांना २ ते ३ किलोओहम आणि ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास असतो. रोध बरोबर, पण स्क्रीनवरचा आकडा खऱ्यापेक्षा थंड, असं असेल तर पिनांवर गंज शोधा. गंजाचा रोध सेन्सरच्या रोधात मिळतो आणि ईसीयूला तो थंडपणा वाटतो. मग पेट्रोल जास्त, प्लग ओले, मागे काळा धूर.

त्याच वेळी मॅप सेन्सर (इनटेकमधल्या हवेचा दाब मोजणारा) बघून घ्या. इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेचाच दाब दाखवतो, समुद्रसपाटीला साधारण १०० किलोपास्कल, उंचावर त्याहून कमी. इथेच आकडा चुकत असेल तर पुढचं सगळं निदान चुकणार.

आता यंत्राची उणी बाजू. सेल्फ मारताना व्होल्टेज कोसळतं आणि स्वस्त ॲडॉप्टर नेमका तेव्हाच रीसेट होतो. जुन्या गाड्यांत ईसीयूशी के-लाइन नावाच्या जुन्या, संथ डेटा-तारेवरून बोलणं होतं, त्यामुळे पुन्हा जुळायला काही सेकंद जातात, म्हणजे अडखळण्याचे पहिले क्षण दिसतच नाहीत. बॅटरीसाठी मल्टिमीटर थेट टर्मिनलवर लावा: उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली नको. के-लाइन संथ असल्यामुळे स्क्रीनवर चारच रिडिंग ठेवा: आरपीएम, कूलंट, मॅप आणि फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल ठरल्यापेक्षा किती टक्के वाढवतोय-घटवतोय ते). दहा ठेवलीत तर प्रत्येक आकडा शिळा येतो.

ट्रिम बघण्याची वेळ महत्त्वाची. ऑक्सिजन सेन्सर तापेपर्यंत ईसीयू ओपन लूपमध्ये असतो, म्हणजे त्या सेन्सरकडे न बघता ठरावीक हिशोबाने पेट्रोल सोडतो, तोवर शॉर्ट टर्म (त्या क्षणाच्या) ट्रिमला अर्थ नाही. क्लोज्ड लूप (सेन्सर बघून पेट्रोल ठरवणं) सुरू झाल्या झाल्या, कूलंट अजून ३०-४० अंशांवर असतानाच बघा. कडक झालेलं रबर किंवा इनटेक गॅस्केट थंड असताना हवा ओढतं आणि तापल्यावर फुगून स्वतःच बंद होतं. गरम इंजिनवर तपासलं की सगळं निर्दोष. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म (साठत गेलेल्या) ट्रिमची बेरीज आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, अधिक १५ टक्क्यांच्या वर आणि २५०० आरपीएमला शून्याकडे उतरत असेल तर हवा गळतेय. मात्र हवेचा हिशोब मॅप सेन्सरवरून करणाऱ्या गाडीत ट्रिम फारशी चढत नाही; तिथे आयडल आणि मॅपचा आकडाच वाढलेला दिसतो.

इंधनाचा दाब जुन्या गाड्यांत स्कॅनरला दिसत नाही. त्यासाठी किल्ली ऑन करून पंपाचा आवाज थांबेपर्यंत थांबा, बंद करा, असं तीनदा करून मग सेल्फ मारा. एरवी रेंगाळणारी गाडी आता लगेच लागली तर रात्रीत दाब उतरतोय: पंपाचा चेक व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर. लगेच लागली पण पेट्रोलचा वास आणि धडधड तशीच, तर संशय आधी इंजेक्टरवर.

क्लचची चाचणीही यंत्राशिवायचीच. क्लच दाबून स्टार्ट करा आणि न्यूट्रलमध्ये हळू सोडा. गिअरबॉक्सचं थंड तेल ढवळावं लागत असल्याने आरपीएम थोडं उतरणं साहजिक आहे. इंजिन बंदच पडत असेल तर आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह आणि थ्रॉटल बॉडी आधी साफ करा, कॉइल-प्लगवर खर्च नंतर.

घेताना वेष्टनावरच्या आवृत्तीच्या आकड्यावर जाऊ नका. नकली चिपवर तो काहीही छापलेला असतो. आपल्या गाडीचा आयएसओ ९१४१ किंवा केडब्ल्यूपी प्रोटोकॉल (के-लाइनवरची बोलण्याची भाषा) चालतो का ते बघा आणि जुळला नाही तर परत करता येईल अशाच ठिकाणी घ्या. पोर्टची १६ नंबरची पिन गाडी बंद असतानाही चालू असते. रात्रभर ॲडॉप्टर लावून ठेवला तर थकलेली बॅटरी आणखी उतरते आणि सकाळी तुम्ही भलत्याच दोषाच्या मागे लागता. संध्याकाळी काढा, सकाळी लावा.