मैदानाचा पार्किंग पास : बैलांना चिठ्ठी, माणसांना वशिला

5 पैकी 2 स्टार, त्यातला एक ट्रॅक्टरवाल्या पोराचा.

सांगलीपासून तासाभरावर बैलगाडीचं मैदान होतं, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पुढच्या वर्षीपण जायचंय. 2021 च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं शर्यती परत चालू केल्यापासून गर्दी आवरत नाही म्हणून यंदा कमिटीनं पार्किंगचा ऑनलाइन पास काढला, चारचाकीला 200 रुपये, पासवर रांग आणि नंबर. आयडिया एक नंबर. मी सहा दिवस आधी पैसे भरले, ब रांग, 46.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ब रांग म्हणजे चाकोरीच्या (बैलजोडी पळते तो पट्टा) बाजूचा उतार, तिथं गाडी लागली की दिवसभराचा संसार तिथंच, पिकअपचा फाळका पाडायचा, ताडपत्री टाकायची, भडंग-कांदा चालू, आणि बसल्या जागेवरनं फायनल दिसते.

सकाळी सातला पोचलो तर 46 वर पांढरी स्कॉर्पिओ. नंबर चुन्यानं विटेवर लिहिलेले होते, माझी वीट त्या स्कॉर्पिओच्या मागच्या चाकाला ओट म्हणून लावलेली! शेजारच्या पिकअपवाल्यांनी तर ताडपत्री तीन नंबरांवर पसरून मटणाचं पातेलं चढवलेलं. पास दाखवला तर कमिटीचा पोरगा म्हणतो, दादा जरा मागं घ्या की, आपलीच माणसं हायती. आपली म्हणजे कुणाची ते मी विचारलं नाही.

भाचा मिशिगनला ॲन आर्बरला शिकतो. तिथं कॉलेजच्या फुटबॉलचं (त्यांचा फुटबॉल हातात धरून पळायचा असतो) स्टेडियम 1,07,601 माणसांचं, आणि तिथलेपण मॅचआधी गाडीचा फाळका पाडून शेगड्या पेटवतात, टेलगेटिंग म्हणतात त्याला. जवळची जागा कुणाला मिळते असं भाच्याला विचारलं तर म्हणाला, मामा, देणगी जास्त त्याचे पॉइंट जास्त, पॉइंटवाला आधी, बाकीच्यांनी पैसे देऊन लोकांच्या अंगणात लावायची. मला ते काय पटलं नाही, पण निदान कुणाला का मिळाली ते सांगता तरी येतं. इथं 200 पण घेतले आणि वशिलापण लागला.

आणि राग कशाचा येतो सांगू, त्याच मैदानात बैलजोड्यांचे गट आणि चाकोऱ्या सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढून ठरल्या. नावाजलेल्या बैलाला कडेची खराब चाकोरी आली तरी मालक गप जुंपतो. मग पार्किंगचीपण चिठ्ठी काढा की, पास तेवढ्या चिठ्ठ्या, आदल्या संध्याकाळी माइकवर, आणि जागेवर नंबर तपासायला बाहेरच्या गावचं पोरगं उभं करा. बैलांच्या पिकअपना वेगळं गेट आणि झाडाखालची जागा दिलेली, ते मात्र बरोबरच, त्यात कुणाची तक्रार नसावी.

शेवटी मीपण ॲन आर्बरवालाच झालो, शेजारच्या आजोबांच्या ऊस तुटलेल्या रानात 50 रुपये देऊन गाडी लावली, वर त्यांनी ताक दिलं. दुपारी टँकरचं पाणी सांडून काळ्या रानात चिखल झाला आणि सुटताना माझी गाडी रुतली, तेव्हा कमिटीचा ट्रॅक्टरवाला न बोलवता आला, साखळी लावली, काढली, पैसे घेतले नाहीत. परत 46 वरनं आलो तर स्कॉर्पिओ गेलेली आणि वीट तशीच पडलेली, दोन तुकडे, एकावर चार एकावर सहा.

पासचे पैसे परत मागितलेत, मेसेज वाचलाय, उत्तर नाही.