जुन्या मर्सिडीजचा गिअर झटका देतोय? आधी हा छोटा पंप घ्या

हँड व्हॅक्यूम पंप, गेजवाला, सोबत नळ्या आणि रबरी अ‍ॅडॉप्टरचा डबा, मला तीसेक डॉलरला पडला. यातला मायटीव्हॅक ब्रँड सगळ्यांना माहीत असतो पण तो महाग पडत होता म्हणून मी कमी नावाचा घेतला. गाडी १९८५ ची ३०० डी टर्बो डिझेल, म्हणजे डब्ल्यू१२३ मालिकेतली, इकडे न्यू जर्सीत चालवतो.

तक्रार काय तर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना असा दणका की मागे बसलेल्या सासूबाई म्हणाल्या कोणी धडकलं की काय. एका दुकानात दाखवली, त्यांनी एक राउंड मारली आणि सरळ गिअरबॉक्स रीबिल्डचा आकडा सांगितला, गाडीच्या किमतीच्या वर. एक नळीसुद्धा काढून बघितली नाही हो!

आता या गाडीतल्या ७२२.३ ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं गणित असं, की गिअर कधी बदलायचा ते मुख्यतः बाउडन केबल (अ‍ॅक्सिलरेटरला जोडलेली तार) ठरवते आणि किती जोरात बदलायचा ते व्हॅक्यूम, म्हणजे नळीतली हवेची ओढ. डिझेलला पेट्रोल गाडीसारखा मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा) व्हॅक्यूम मिळत नाही म्हणून इंजिनावर वेगळा पंप असतो, त्यातला व्हॅक्यूम इंजेक्शन पंपावरच्या व्हॉल्व्हमधून मोजून मापून मॉड्युलेटरकडे (गिअरबॉक्सवरची रबरी पडद्याची डबी, शिफ्टचा जोर हीच ठरवते) जातो. पाय हलका तर व्हॅक्यूम जास्त आणि शिफ्ट मऊ, पाय दाबला की व्हॅक्यूम कमी आणि शिफ्ट कडक. म्हणजे कुठेतरी गळती असली की गिअरबॉक्सला वाटतं साहेब कायम रेस लावूनच चाललेत.

आणि इंजिनावरच्या त्याच व्हॅक्यूम पंपावर दरवाज्यांची लॉकं चालतात, चावी बंद केल्यावर इंजिन थांबतं तेही त्याच्यावरच. माझी चावी काढल्यावर थोडा वेळ घुर्र घुर्र करत राहायची, कधीकधी बॉनेट उघडून STOP चा दांडा दाबावा लागायचा, ही खूण आधीपासून होतीच.

पहिलं काम मॉड्युलेटरची नळी काढून पंप त्याला लावला, १५ इंचापर्यंत (गेजवर व्हॅक्यूम पाऱ्याच्या इंचांत मोजतात) खेचला, काटा तिथून खाली आला नाही. नळीत तेलही नव्हतं. म्हणजे आतला पडदा शाबूत, फाटला असता तर एटीएफ (गिअरबॉक्सचं तेल) नळीतून वर खेचलं गेलं असतं. मग तीन तोंडांचा टी-कनेक्टर नळीच्या मध्ये टाकून इंजिन चालू केलं, आयडलला दहा-बारा इंच तरी हवा, काटा तीन-चारवर लटकतोय. इंजिनाच्या पंपावर थेट लावला तर वीसच्या वर, झकास. मग एकेक फाटा बंद करत गेलो (गोल्फची टी नळीत बरोबर बसते, ही इथल्या लोकांची जुनी युक्ती) आणि ड्रायव्हरच्या दाराचा लॉकचा फाटा बंद केल्याबरोबर काटा वर. दारातल्या लॉकचा रबर फाटलेला आणि बिल गिअरबॉक्सचं, आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी! आता शिफ्ट मऊ झालीय, उरलेली किंचित कसर मॉड्युलेटरची टी-किल्ली बाहेर ओढून थोडीथोडी फिरवून काढली.

पंपाबद्दल बोलायचं तर गेज ठीक, हँडल एका हाताने चालतं, ब्रेक ब्लीड करायलाही (ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला) चालतो. अ‍ॅडॉप्टर मात्र भिकार, दोन तर सैल, आणि पंपच गळत असेल तर तुम्ही गाडीत गळती शोधत बसाल, म्हणून आणल्याबरोबर टोकाला अंगठा लावून २० इंच खेचा आणि काटा थांबतो का बघा.

सगळंच यानं कळणार नाही. व्हॅक्यूम बरोबर असूनही दोन-तीनच्या मध्ये इंजिन मोकळं फिरत असेल, रिव्हर्स उशिरा धरत असेल किंवा तेलाला जळका वास असेल तर मग आतलं काम आहे, तिथे पंपाचा उपयोग नाही. तेल तर सगळ्यात आधी बघा, गाडी गरम, पी मध्ये, इंजिन चालू ठेवून. डिपस्टिकवरच्या दोन खुणांत फक्त ०.३ लिटरचा फरक असतो, तेव्हा ओतताना हात आवरा.

जुन्या अमेरिकन गाड्यांतल्या टीएच३५०, टीएच४०० आणि फोर्ड सी४, सी६ या गिअरबॉक्सना पण व्हॅक्यूम मॉड्युलेटर असतो, त्यांनाही हाच पंप चालतो, तिथे पडदा फाटला तर तेल थेट इंजिनात जातं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर.

पाचपैकी चार, एक अ‍ॅडॉप्टरसाठी कापला. घेताना डब्यात टी-कनेक्टर आहे ना तेवढं बघा, तो नसेल तर नळी जोडलेली ठेवून चालू गाडीचं रीडिंग घेता येत नाही.