जुनं सागवानी ड्रॉवरचं कपाट: ऑइलपेंट मारायचा की स्टेन करून पॉलिश?

जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या बाजारातून किंवा कोणाच्यातरी रिकाम्या होणाऱ्या घरातून जुनं ड्रॉवरचं कपाट आणलं की घासायला घ्यायच्या आधीच घरात दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते मस्त रंग मारून टाका आणि दुसरी म्हणते सागवान आहे, रंगाखाली झाकू नका, स्टेन (लाकडात मुरून रेषा दिसू देणारा पातळ रंग) देऊन वर पॉलिश करा. मी दोन्ही केलंय, दोन वेगळ्या कपाटांवर. ऑइलपेंटवालं आईच्या खोलीत आहे, स्टेन-पॉलिशवालं आमच्या. दोन्ही डोंबिवलीच्या दमट हवेतच आहेत, त्यामुळे खाली जे लिहितोय ते त्या हवेतलं आहे, नागपूर किंवा सोलापूरसारख्या कोरड्या ठिकाणी गणित थोडं वेगळं असू शकेल.

आधी लाकूड नीट बघा, कारण अर्धा निर्णय तिथेच होतो. वरच्या फळीवरच्या रेषा काठावरून वळून कडेवर पुढे जात असतील तर लाकूड भरीव आहे. कडेला वेगळी पट्टी किंवा थर दिसला तर विनियर, म्हणजे प्लायवर चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा आहे, आणि विनियर इतकं पातळ असतं की ८० नंबरचा काचपेपर जोरात फिरवला तर खालचं प्लाय वर येतं, मग स्टेनचा विषयच संपला. दुसरं म्हणजे जुन्या कपाटात खूपदा दर्शनी भाग सागवानी असतो आणि बाजू जंगली लाकडाच्या, त्यांच्यावर एकच स्टेन दोन रंगांचा दिसतो. लांबी (पुट्टी) भरून बुजवलेली भोकं खूप असतील तरी तेच, लांबी लाकडासारखा स्टेन पीत नाही, तिथे डाग दिसत राहतात. असं कपाट असेल तर मी स्वतः रंगच मारीन, त्यात कमीपणा काही नाही.

आणि कपाटावर आधीचा जुना रंग असेल तर तो कोरडा घासू नका. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको हा आपल्याकडचा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याआधीच्या रंगात काय असेल याची खात्री नसते. घरात लहान मूल असेल तर ती धूळ उडायलाच नको. पेंट रिमूव्हर लावून, ग्लोव्हज घालून, खिडक्या उघड्या ठेवून खरवडून काढा.

आता रंगाच्या बाजूने. रंगाला लाकडाचं रूप कसंही असलं तरी चालतं. ओरखडे, जुने डाग, वेगवेगळ्या फळ्या, सगळं एका रंगात येतं आणि अंधाऱ्या खोलीत फिका रंग खरंच उजेड देतो. आईच्या कपाटाला गडद हिरवा दिलाय, पितळी मुठींबरोबर अजूनही छान दिसतो. फक्त सागवानावर पांढरा किंवा क्रीम देणार असाल तर लाकडातला रंग खालून वर येऊन पिवळट-तपकिरी डाग पडतात, ते थांबवायला मेण काढलेल्या चपडीचा (लाखेपासून बनणारं, स्पिरिटमधे विरघळणारं पॉलिश) एक पातळ हात आधी द्यावा लागतो आणि मग प्रायमर. सागवान मुळात तेलकट, म्हणून त्याच्याही आधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्यायचं. आणि पांढरा ऑइलपेंट उजेड न येणाऱ्या कोपऱ्यात हळूहळू पिवळा पडतो, ते लाकडामुळे नाही, तो त्या रंगाचाच गुण आहे.

हे सगळं मला चाललं असतं. मला जे नाही चाललं ते म्हणजे ड्रॉवर.

जुन्या कपाटांचे ड्रॉवर चौकटीच्या आत बसणारे असतात, चारी बाजूंनी फट अगदी कमी, जुन्या सुताराने रंध्याने घासून बसवलेली. प्रायमर आणि दोन हात रंग, ड्रॉवरच्या कडेलाही आणि समोरच्या चौकटीलाही, म्हणजे थर दोन्हीकडून वाढतो आणि ती फट संपते. मे महिन्यात काही कळत नाही, सगळं मस्त चालतं. जुलैत लाकूड फुगतं, आणि ते लांबीत नाही तर आडवं फुगतं, म्हणजे बरोबर ड्रॉवरच्या उंचीत. मग रंगावर रंग दाबला जातो आणि चिकटतो. ऑइलपेंट हाताला सुकलेला लागला तरी आतून कडक व्हायला बराच काळ घेतो, आणि पूर्ण कडक झाल्यावरसुद्धा दमट हवेत दोन रंगवलेल्या कडा एकमेकींना धरून बसतात. आईच्या साड्यांचा ड्रॉवर पावसाळ्यात उघडताना आधी हिसका द्यावा लागतो, मग चर्र असा आवाज येतो, आणि काठावरचा हिरव्या रंगाचा टवका निघून चौकटीला चिकटलेला असतो. आई सत्तरीची आहे, तिने रोज सकाळी कपाटाशी झटापट का करायची? रंगाऱ्याने काम चांगलं केलं होतं, त्याला बोल लावण्यासारखं काहीच नव्हतं. टवके उडालेल्या जागी परत रंग लावला तर थर अजून वाढतो, कडा घासून घेतल्या तर हिरव्या कपाटाला पिवळी किनार दिसते. मेणबत्ती घासली की तात्पुरतं बरं चालतं पण मेणावर पुढे रंग धरत नाही. कडा न रंगवता नुसता पुढचा भाग रंगवणं हा एक उपाय आहे, काहींना तो आवडतोही, मला उघड्या ड्रॉवरच्या कडेला ती अर्धवट रेघ खटकते.

स्टेनला हा त्रास नाही कारण स्टेन लाकडात मुरतो, वर बसत नाही. कडांना स्टेन आणि पॉलिशचा एकच पातळ हात, झालं. आमच्या कपाटाचे ड्रॉवर पावसात जड होतात, नाही असं नाही, पण चिकटत नाहीत, आणि खालच्या धावपट्टीवर मेणबत्ती घासली की वर्षभर सुरळीत. एवढ्या एका गोष्टीसाठी माझं मत स्टेनकडे झुकलंय, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं त्या हिशोबाने वाचाल.

स्टेनचा त्रास सगळा सुरुवातीला आहे. जुनं पॉलिश पूर्ण निघायला हवं, नाहीतर स्टेन मुरतच नाही. कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा चोळून बघा, पॉलिश चिकट होऊन सुटलं तर ती चपडी आहे, आणि मग कदाचित स्टेनचीही गरज नाही, कारण चपडीचं नवं पॉलिश जुन्यात विरघळून एकजीव होतं, नुसतं स्वच्छ करून वर हात दिले तरी कपाट उजळतं. स्पिरिटने नाही पण एनसी थिनरने (नायट्रोसेल्युलोज लॅकर पातळ करायचा थिनर) सुटलं तर लॅकर, दोन्हीने ढिम्म हललं नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलीयुरेथेन) यांसारखं कडक पॉलिश, मग काचपेपर किंवा रिमूव्हर. १२०, १८०, २२० या क्रमाने आणि रेषांच्या दिशेनेच घासायचं. आडवा घासलेला एक ओरखडासुद्धा स्टेनमधे गडद उमटतो, रंगाखाली तो दिसलाही नसता.

वर काय द्यायचं हा प्रश्न ड्रेसिंगसाठी वापरणार असाल तर महत्त्वाचा आहे. चपडीची झळाळी मला सगळ्यात आवडते, पण परफ्यूमचा थेंब पडला की ती विरघळते आणि गरम चहाचा कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं. म्हणून वरच्या फळीला दोन घटकांचं पीयू आणि बाकी अंगाला चपडी, असं आम्ही केलंय. चमक थोडी वेगळी दिसते, बारकाईने बघणाऱ्याला कळेल, मला चालतं. जवसाच्या तेलाचा हात देणार असाल तर ते फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेट घेतात, पाण्यात भिजवून किंवा पसरून वाळवून मगच टाका.

मनाचा निर्णय होतच नसेल तर मला वाटतं आधी स्टेन करून बघावा. तो नाही आवडला तर घासून, प्रायमर मारून वर रंग कधीही देता येतो. उलटं करायला गेलात तर सागवानाच्या छिद्रांत बसलेला फिका रंग कितीही खरवडला तरी बारीक ठिपक्यांसारखा राहतोच, आणि त्यावर केलेला स्टेन कधी स्वच्छ दिसत नाही. मधला मार्ग म्हणजे अंग आणि बाजू रंगवा, ड्रॉवर आणि वरची फळी स्टेन करा, म्हणजे ड्रॉवरच्या बाजूने तरी थर वाढत नाही. मात्र चौकटीच्या आतल्या कडा तेव्हाही कोऱ्या ठेवा.

पॉलिशचं काम जून ते सप्टेंबर काढू नका, दमट हवेत चपडीवर दुधाळ पांढरट झाक येते आणि पॉलिशवाला कितीही चांगला असला तरी ती हवेमुळे येणारच. दसऱ्यानंतर हवा कोरडी पडायला लागली की बोलवा, आणि कामाला हात घालायच्या आधी त्याच्याकडून एखाद्या ड्रॉवरच्या मागच्या बाजूला स्टेनचा नमुना करून घ्या, तोही दुसऱ्या दिवशी सुकल्यावर दिवसाच्या उजेडात बघा, कारण ओला वॉलनट स्टेन आणि सुकलेला यात बराच फरक असतो.