उतारावरचा तीन लेव्हलचा डेक: परतवाड्याच्या मिस्त्रींच्या कामाचा रिव्ह्यू

मेळघाटच्या पायथ्याशी, परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे जाताना जी गावं लागतात त्यातल्या एका गावात आमचं घर आहे, आणि घरामागची जागा अशी की स्वयंपाकघराच्या दारातून पाय बाहेर टाकला की जमीन नाल्याकडं उतरतच जाते. दार ते मागचं कुंपण एवढ्यात ५ फूट ५ इंचांचा फरक. इतकी वर्षं तिथं पऱ्हाट्या, तुराट्या अन् मोडकं सामान पडलेलं असायचं, पावसाळ्यात तर मागं कोणी जायचंच नाही. तिथं आता तीन लेव्हलचा लाकडी डेक, म्हणजे लोखंडी खांबांवर उभा केलेला फळ्यांचा ओटा, आहे. एक उन्हाळा, एक पावसाळा काढला त्यानं, म्हणून आता लिहितो. करणारे परतवाड्याचे फॅब्रिकेशनवाले मिस्त्री, सोबत एक सुतार आणि दोन पोट्टे. काम एक नंबर झालं, आणि त्यातलं सगळ्यात चांगलं काम जमिनीखाली आहे जे आता कोणाला दिसत नाही, म्हणून त्याबद्दलच जास्त लिहिणार आहे.

आधी दुसऱ्या एका ठेकेदाराला जागा दाखवली होती. त्यांचं म्हणणं, खालच्या अंगाला भिंत घ्या, भराव टाका, वरून टाइल्स मारा, झालं सपाट अंगण. ऐकायला सोपं. पण भराव तिथलाच, म्हणजे काळ्या मातीचा, आणि भिंतीतून पाणी निघायला भोकं ठेवायची, मागं गिट्टी भरायची हे त्यांच्या बोलण्यात कुठंच नाही. पावसात भिजलेली माती भिंतीला बाहेर ढकलते आणि मागं पाणी साचलं की त्याचा जोर वेगळाच, नंतर भिंत पोट काढते आणि भराव बसला की वरच्या टाइल्स पोकळ वाजायला लागतात. आमच्या भागात अशा भिंती पाहायच्या असतील तर फार लांब जावं लागत नाही.

मिस्त्री आले तर त्यांनी आधी टेप काढलाच नाही, सब्बल (पहार) मागितली. वर दाराजवळ दोन ठिकाणी मारून पाहिली, मग खाली कुंपणाजवळ. मग म्हणाले, "भाऊ, वरतं मुरूम हाये अन् खालतं कायी माती. थे उनायात फाटते अन् पावसायात फुगते. दोन्हीकडं सारखाच गड्डा खंदला तं तुमचा डेक दोन वर्षांत वाकडा होईन." आणि लगेच पुढचा प्रश्न, छपराचं पाणी कुठं पडते थे दाखवा.

हे मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं. उतारावरची माती पावसाच्या पाण्यासोबत वर्षानुवर्षं खाली वाहून येते, त्यामुळं वरच्या अंगाला दीड-दोन फुटांवर मुरूम लागतो आणि खालच्या अंगाला तीच काळी माती खोल साचलेली असते. आमच्याकडं खालचे गड्डे साडेचार-पाच फूट गेले तेव्हा कुठं मुरूम लागला. आणि मिस्त्रींनी एकही गड्डा अर्ध्यावर सोडला नाही, मुरूम हाताला लागल्याशिवाय काँक्रीट ओतलं नाही. खालच्या गड्ड्यांचा तळ रुंद केला, सळाखीची जाळी टाकली, वर पेडेस्टल, म्हणजे खांब बसवायचा काँक्रीटचा ठोकळा, काढून जमिनीच्या वर ९ इंच ठेवलं. पेडेस्टलच्या डोक्याला थोडा ढाळ दिला म्हणजे खांबाच्या बुडाशी पाणी थांबत नाही, आणि उदई (वाळवी) वर चढायला लागली तर तिची मातीची वाट काँक्रीटवर लगेच दिसते. काँक्रीट ओतल्यावर पेडेस्टलवर ओला तरट गुंडाळून पोट्ट्यांना रोज पाणी मारायला लावलं, खांब उभे करायची घाई केली नाही.

ज्यांच्याकडं काळी माती संपतच नाही, म्हणजे दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातल्या लोकांनी विशेष करून, साधे खड्डे खणून काम करू नका. या मातीतला ओलावा साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत ऋतूप्रमाणं कमीजास्त होत राहतो. त्यासाठी तळाशी फुगा असलेले अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब, असतात, रुरकीच्या सीबीआरआय या सरकारी संस्थेनं काळ्या मातीसाठीच ती पद्धत बसवलेली आहे. खर्च वाढतो, पण तिथं तोच मार्ग आहे.

आता लेव्हल. पाण्याच्या नळीनं लेव्हल काढली, लेझर वगैरे काही नाही, आणि तरी कुठं पाव इंचाचा फरक निघाला नाही. पूर्ण उताराला त्यांनी १० पायऱ्यांत वाटलं, प्रत्येक साडेसहा इंच. वरचा डेक १२ बाय १०, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापेक्षा २ इंच खाली म्हणजे झडीचं पाणी घरात येत नाही, तिथून चार पायऱ्या उतरून मधला १४ बाय १०, परत चार पायऱ्या आणि कडुलिंबाजवळचा छोटा ८ बाय १०, मग दोन पायऱ्या की जमीन. सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या असणं किती महत्त्वाचं आहे ते आईला पाहून कळलं, तिचे गुडघे दुखतात, ती कठड्याला हात लावते आणि खाली न पाहता उतरते. एखादी पायरी जरी इंचभर कमीजास्त असती तरी पाय चुकला असता.

डेक घराच्या भिंतीला कुठंच जोडलेला नाही. आमची मागची भिंत जुनी, मातीच्या जुडाईची, तिच्यात बोल्ट मारून वजन टांगणं धोक्याचं होतं, म्हणून भिंतीपासून इंचभर फट ठेवून सगळा भार स्वतःच्या खांबांवर घेतला. मग तो हलू नये म्हणून खांबांच्या मधात तिरपे पाइप मारले. हे तिरपे पाइप लोक पैसे वाचवायला गाळतात आणि मग चार माणसं चालली की डेक झुलतो. बाल्कनीला चौरस मीटरमागं साधारण 300 किलो भार धरायचा असतो, मिस्त्रींनी तेवढाच धरला, कारण आपल्याकडं पाहुणे आले की सगळे एकाच जागी बसतात.

लाकडाचं सांगायला फार आहे. मी आधी डब्ल्यूपीसीच्या, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या, फळ्या घ्यायच्या ठरवल्या होत्या, दुकानदारानं उन्हात तापत नाही असं छातीठोक सांगितलं. नमुन्याचा तुकडा आणून मे महिन्यात दुपारी अंगणात ठेवला आणि पाय टेकवता आला नाही. आपल्याकडं पारा ४५ च्या वर जातो तिथं गडद रंगाची डब्ल्यूपीसी उघड्या डेकला घेऊच नका, छताखाली असेल तर चालेल. शेवटी सागवान घेतलं, नवं नाही, पाडलेल्या घराच्या जुन्या म्याली आणि तुळया, परतवाड्यातच चिरून घेतल्या. परतवाडा म्हणजे मेळघाटच्या लाकडाचं गाव, आरा मशीन शोधावी लागत नाही. विदर्भाच्या सागाची किंमत बाहेरच्यांना जास्त, अयोध्येच्या मंदिराच्या दरवाजांचं सागवान २०२३ मध्ये बल्लारशाहून गेलं आणि आपण इथं बाहेरून आलेलं पाइन घेतो याचं मला खरंच वाईट वाटते. जुनं लाकूड वाळून बसलेलं असते, नंतर पिळत नाही. फक्त सुतारानं फिकट रंगाचा बाहेरचा भाग, म्हणजे रसकाठ, निवडून बाजूला काढला, कारण उदई तोच आधी खाते. दोन फळ्यांत ५-६ मिलिमीटर फट आणि स्क्रू सगळे स्टेनलेस स्टीलचे ३०४ ग्रेडचे, साधा लोखंडी स्क्रू सागात मारला की भोवती काळा डाग पडतो.

तेल जवसाचं लावलं, उकळलेलं म्हणून मिळते ते, कच्चं तेल लवकर वाळत नाही. एक गोष्ट मात्र जीवावर बेतणारी आहे म्हणून नीट वाचा. जवसाच्या तेलाचे चिंध्यांचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप गरम होऊन पेट घेऊ शकतात. आमचा सुतार बोळे पाण्याच्या बादलीत टाकत होता, सुरुवातीला मला ते काहून करतो तेच कळत नव्हतं.

कडुलिंबाभोवती फळ्या चिकटवल्या नाहीत, चारी बाजूंनी हातभर जागा सोडली. झाड जाड होते आणि वाऱ्यात हलतेही. डेकखाली जाड प्लास्टिक नाही अंथरलं, नुसती गिट्टी पसरली आणि बाजू उघड्या ठेवल्या. आमच्याकडं नाग, घोणस, मण्यार सगळे निघतात, डेकखालची जागा दारातून दिसली पाहिजे आणि तिथं सरपण रचायचं नाही हा घरात सगळ्यांना नियम आहे. छपराच्या पन्हाळीचं पाणी पाइपानं थेट नाल्याच्या अंगाला नेलं, पहिल्या मोठ्या पावसात उभा राहून पाहिलं, एकाही पेडेस्टलजवळ माती खचली नाही.

आता तक्रारी, कारण त्याही आहेत. मिस्त्री शब्दाचे पक्के पण तारखेचे नाहीत. पेरणीच्या वेळी पोट्टे गायब, पोळ्याला सगळेच गायब, आणि फोन लागला तर उत्तर "येतो नं भाऊ". कठड्याचे उभे पाइप त्यांनी ६ इंचांवर मारले होते, घरात लहान पोरगं आहे, डोकं अडकेल असं म्हटलं तर आधी कुरकुर केली, मग ४ इंचांवर करून दिले आणि जास्तीचा पाइप हिशेबात धरला. ते बरोबरच आहे, पण हे त्यांनी स्वतःहून विचारायला हवं होतं. आणि वेल्डिंगच्या जागी रेड ऑक्साइड प्रायमरचा एकच हात मारला, दोन ठिकाणी पावसाळ्यातच तांबेरा (गंज) दिसला. पाइपाची उघडी तोंडं मात्र टोप्या मारून बंद केली होती, नाहीतर आतून गंज आला असता आणि तो बाहेरून दिसतही नाही.

खर्च साधारण ३ लाखांच्या आसपास गेला, ३४० चौरस फुटांना. लोखंड किलोवर होतं, मजुरीसकट १२० रुपये, वजन आमच्यासमोर काट्यावर केलं. पाया वेगळा, लाकूड आम्ही आणून दिलं. पैसे टप्प्याटप्प्यानं घेतले, पाया, सांगाडा, फळ्या, कठडा असे, आणि शेवटच्या हप्त्यासाठी पावसाळा संपेपर्यंत थांबले. असं थांबणारा माणूस मिळाला तर तारखेचा त्रास सहन करा असं मी म्हणेन. तांबेरा आलेल्या जागा घासून पुन्हा प्रायमर मारायला ते दिवाळीनंतर येणार आहेत, त्याचे पैसे घेणार नाहीत असं बोलले आहेत, आणि त्याच वेळी शेजारच्या काकांचीही मागची जागा सब्बल मारून पाहणार आहेत.